संगणकाला ताप आलाय. उष्णता अडली कुठे?

उन्हाळा लागला की आपल्याकडे येणाऱ्या निरोपांत एक तक्रार हमखास असते. घरचा डेस्कटॉप सकाळी ठणठणीत चालतो. दुपारी मुलगा गेम लावतो किंवा मुलगी शाळेच्या प्रोजेक्टचा व्हिडिओ जोडायला बसते, आणि दहा मिनिटांत पंखा घोंघावायला लागतो, चित्र अडखळतं, कधी खट्कन सगळं बंद. दुकानात नेलं तर उघड्या टेबलावर, झाकण काढून ठेवलेला तोच संगणक तासभर सुरळीत चालतो. मग सल्ला मिळतो, "मदरबोर्ड गेला असेल, नवीनच घ्या." आणि घरात दोन-तीन हजार दिरहॅमचा विषय निघतो. तो विषय निघण्याआधी एक सुट्टीची सकाळ आणि एक स्क्रू ड्रायव्हर एवढं खर्ची घालून बघा, असं मला आज सांगायचंय.

आधी एक गोष्ट पक्की करू. संगणकातला कूलर थंडी तयार करत नाही. माठातलं पाणी झिरपून वाफ होतं म्हणून गार होतं. संगणकाच्या पंख्याला ते साधत नाही. आपण पंख्याखाली बसलो की गार वाटतं ते घामामुळे. पंख्याखाली टांगलेल्या थर्मामीटरचा पारा मात्र तसूभरही उतरत नाही, आणि प्रोसेसरला काही घाम येत नाही. कूलर फक्त उष्णता उचलतो आणि खोलीतल्या हवेत नेऊन टाकतो. त्यामुळे खोली ३६ अंशांवर असेल, तर कितीही महागडा कूलर लावा, प्रोसेसर ३६ च्या खाली जाणार नाही.

आणि उचलायची उष्णता थोडीथोडकी नसते. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवा. पाच मिनिटं पेटला की हात लावायची सोय नसायची. इंटेलचा आय-फाइव्ह १२४०० हा मध्यम ताकदीचा प्रोसेसर कागदावर ६५ वॅटचा आहे, पण काम जोरात असताना ११७ वॅटपर्यंत जायची मुभा त्याला कंपनीनंच दिलीय. आय-नाइन १३९००के तर २५३ वॅटपर्यंत जातो. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते, तीही अंगठ्याच्या नखापेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यातून.

ही उष्णता बाहेर पडते कशी? आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून हातोहात बादल्या पुढे देतात, तशी. सिलिकॉन ती वरच्या धातूच्या टोपीला देतो, टोपी थर्मल पेस्टला, पेस्ट कूलरच्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तळाला, तळ वरच्या पातळ पात्यांना, पाती पेटीतल्या हवेला, पेटीतली हवा खोलीला आणि खोली आपल्या एसीला. रांगेतला एक माणूस थबकला की त्याच्या मागे सगळ्या बादल्या तुंबतात. आपलं काम एवढंच, थबकलाय कोण ते शोधायचं. बहुतेक लोक न शोधता थेट मोठा कूलर विकत आणतात, आणि अडथळा दुसरीकडेच असला की तो कूलरही तापतो.

शोधायचं तर मोजायला हवं. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखी प्रोग्रॅम घरच्या वापरासाठी फुकट मिळतात. ती प्रोसेसरचं तापमान दाखवतात. खोलीत एक साधा थर्मामीटर ठेवा. मग नेहमीचा गेम किंवा जड काम वीस मिनिटं चालू द्या आणि दोन्ही आकडे लिहून घ्या. महत्त्वाचा आहे तो दोन आकड्यांमधला फरक. खोली २४ आणि प्रोसेसर ७४, म्हणजे फरक ५० चा. हेच काम, हाच कूलर, पण एसी बंद पडून खोली ३६ झाली, तर प्रोसेसर ८६ च्या आसपास जाणार. संगणक बिघडलेला नाही, खोली तापलीय. उलट मागच्या वर्षी फरक ५० होता आणि आज त्याच कामाला ६५ असेल, तर रांगेत कोणीतरी नक्की थबकलंय. म्हणून संगणक नवा असतानाच हे आकडे आतल्या झाकणावर चिकटवून ठेवावेत.

किती म्हणजे जास्त? इंटेलच्या बहुतेक अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची असते. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत बऱ्याच जणांची ९०, आणि ७००० मालिकेत बहुतेकांची ९५. त्या मर्यादेला टेकला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणून चित्र अडखळतं. त्याहीवर तापला तर जीव वाचवायला संगणक बंद होतो. हा गुणच म्हणायचा त्याचा. ७००० मालिकेतले काही रायझन मात्र काम जोरात असताना मुद्दाम ९५ पर्यंत चढतात. त्यांची रचनाच तशी आहे. तिथे आकडा पाहून घाबरू नका, वेग टिकतोय का ते पाहा. आणि तापमान साठ-सत्तरच असताना संगणक खट्कन बंद होत असेल, तर प्रोसेसरला सोडा आणि वीज पुरवणारा पॉवर सप्लाय तपासून घ्या.

आता खरी परीक्षा. संगणक बंद करून बाजूचं झाकण काढा, परत चालू करा आणि तेच काम वीस मिनिटं करा. लहान मुलांना तेवढा वेळ दूर ठेवा. तापमान दहा अंशांनी किंवा जास्त उतरलं, तर कूलर आपलं काम करतोय, पेटीतून हवा जात-येत नाहीये. दोन-तीन अंशांचाच फरक पडला, तर अडथळा प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये कुठेतरी आहे. दुकानातल्या टेबलावर तो संगणक गुणी बाळासारखा का वागत होता, ते आता लक्षात आलं असेल. झाकण कायमचं काढून ठेवणं हा मात्र उपाय नव्हे. धूळ बसते, पोरांची बोटं जातात.

पेटीचा दोष निघाला तर पहिल्यांदा जागा पाहा. आपल्या इथल्या फ्लॅटमध्ये जागा बेताची, म्हणून संगणक टेबलाखालच्या कप्प्यात जातो आणि दिसायला बरं म्हणून कप्प्याला दार. म्हणजे मागून निघालेली गरम हवा फिरून पुढून पुन्हा आत. जाड गालिच्यावर ठेवलेल्या पेटीत पॉवर सप्लायची खालची जाळीच बुजते. तिथे एक फळी सरकवली तरी काम होतं. मागे वीतभर जागा मोकळी हवी.

मग पंख्यांची दिशा. पुढून आणि खालून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, कारण गरम हवा वर चढतेच. पंख्याच्या एका बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या तीन-चार काड्या असतात. हवा त्या काड्यांच्या बाजूनं बाहेर पडते. घरी जोडलेल्या संगणकांत उलटा बसलेला पंखा ही दुर्मीळ गोष्ट नाही. शंका असेल तर उदबत्ती लावा. धूर पुढच्या जाळीकडे ओढला गेला पाहिजे आणि मागच्या पंख्यापाशी दूर ढकलला गेला पाहिजे. राख तेवढी आत पडू देऊ नका. आत हवा ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडे वरचढ ठेवावेत. म्हणजे हवा जाळीतून गाळूनच आत येते. नाहीतर ती पेटीच्या प्रत्येक फटीतून धूळ घेऊन शिरते. पुढे सबंध काच आणि आत रंगीत दिवे अशी पेटी मुलांना फार आवडते. काचेच्या कडेला हवा यायला रुंद फट नसेल, तर ती पेटी माझ्या मते न घेतलेली बरी.

धुळीबद्दल आखातातल्या माणसाला काय सांगावं! जून-जुलैत शमाल वारा सुटला की खिडक्या बंद असूनही टेबलावर बोटानं रेघ उमटते. ही बारीक धूळ आणि गालिच्याचे तंतू मिळून कूलरच्या पंख्याच्या आणि पात्यांच्या मध्ये नमद्यासारखा थर जमतो. वरून पाहिलं तर काही दिसत नाही. पंखा उतरवल्यावर दिसतं. वर्षातून दोनदा तरी साफ करावं, आणि पुढची जाळी महिन्याला धुऊन, पूर्ण वाळवून लावावी. दाबाच्या हवेचा डबा उभाच धरा. उलटा झाला तर त्यातून गोठवणारा द्रव उडतो. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग खराब होतं.

साफसफाईसाठी बाल्कनीत नेणार असाल, तर इथल्या दमटपणाचं भान ठेवा. ऑगस्टच्या संध्याकाळी दुबईत, दोह्यात किंवा मस्कतला घराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते ना? गार खोलीतून बाहेर नेलेल्या संगणकाच्या धातूवरही तसंच पाणी धरतं. चालू असलेल्या संगणकाला त्याचा त्रास नाही, कारण तो गरम असतो. पण बंद, थंडगार पेटी बाहेर नेली तर मदरबोर्डावर दव पडतं. तेव्हा हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये करा. अगदी आत्ताच करायचं असेल, तर घरातच करा. बाहेर नेलाच असेल, तर आत आणून काही तास वाळू द्या आणि मगच वीज जोडा.

परीक्षेत दोष कूलरकडचा निघाला, तर त्याला नीट चेपून बघा. इंटेलच्या सोबत मिळणाऱ्या कूलरला चार टाचण्या असतात. गावाहून सामान आणताना किंवा घर बदलताना एक जरी उचकटली, तरी कूलर तिरका होतो आणि तापमान झपाट्यानं चढतं. तेही ठीक असेल तर पेस्ट बदला. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक खळगे राहतात, त्यांत हवा असते, आणि हवा ही उष्णतेची अट्टल शत्रू. ते खळगे भरायला पेस्ट. म्हणून ती उगाळलेल्या गंधासारखी पातळ हवी, श्रीखंडासारखी थापलेली नको. वाटाण्याएवढा ठिपका मध्यभागी ठेवा. कूलर दाबला की तो आपोआप पसरतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या. नव्या कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढायला विसरू नका; ते तसंच राहिलेले कूलर पुष्कळ निघतात.

जुन्या रायझनवाल्यांनी मात्र सावकाश. एएमफोर सॉकेटमध्ये वाळलेली पेस्ट इतकी घट्ट धरते की कूलर उचलताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं काम देऊन संगणक गरम करा, बंद करून प्लग काढा, कूलर हलके डावी-उजवीकडे पिळा आणि मग उचला.

पाण्याचा कूलर घ्यावा का, हा प्रश्न येतोच. पाणी उष्णता लांबच्या रेडिएटरपर्यंत नेतं इतकंच, तिथून पुढे खोलीची तीच हवा. दीडशे वॅटच्या आतल्या प्रोसेसरला चांगला उंच हवेचा कूलर पुरतो. त्यात बिघडण्यासारखा एक पंखा असतो, पाण्याच्या कूलरमध्ये पंपही असतो. पैसा न घालता करण्यासारखं आणखी एक आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, की बहुतेक संगणकांत टर्बो वेग बंद होतो. अभ्यास, बँकेची कामं आणि आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणं यांना टर्बोची गरज नसते. रायझनच्या बऱ्याच बोर्डांत इको मोड असतो, तोही छान.

आता लवकरच अनेक घरं दीड-दोन महिन्यांसाठी गावी निघतील. एसी बंद, खिडक्या बंद, आणि खोली किती तापेल याचा भरवसा नाही. दूरवरून फोटो बघता यावेत म्हणून डेस्कटॉप चालू ठेवून जाणारे काही जण असतात. तसं करू नका. संगणक बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर करून ती सोबत न्या. परत आल्यावर आधी एसी लावा. खोली निवली आणि पेटी हाताला कोमट लागेनाशी झाली, की मग संगणक चालू करा.