लाल पेन्सिलीविना

होटगी रोडच्या बाजूला एखाद्या चालू बांधकामावर दुपारी गेलात, तर स्टोअर म्हणून उभारलेल्या पत्र्याच्या खोलीत सिमेंटच्या गोण्यांशेजारी एखादा लॅपटॉप दिसेल. धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर टॉवेल टाकलेला. सुपरवायझर टॉवेल बाजूला करतो, फाईल उघडतो, आणि बाहेर अजून फुटिंगचे खड्डेच खणले जात असताना पडद्यावर इमारत पूर्ण उभी राहते. ती माउसने फिरवायची, वरचा स्लॅब काढून आत डोकावायचं, जिन्यातून आडवा छेद घ्यायचा. सोलापुरात सेंट्रिंगवाला तेलुगू बोलणारा, सळई बांधणारा कानडी आणि सुपरवायझर मराठी असं सहज असतं. बीम कॉलमला नेमका कुठे मिळतो हे पडद्यावर दिसलं की तिघांना वेगळं समजावावं लागत नाही. सपाट नकाशा वाचायला शिकावं लागतं; उभी इमारत पाहायला शिकावं लागत नाही.

ते सॉफ्टवेअर रेव्हिट असेल, तर या खोलीत ते बऱ्याचदा 'व्ह्यूअर' म्हणून चालू असतं, म्हणजे फक्त पाहण्यापुरतं. रेव्हिटसोबतच ते संगणकात उतरतं आणि त्याला परवाना लागत नाही. वर्षाचं भाडं भरलेला परवाना आर्किटेक्टच्या ऑफिसात असतो. साइटवरच्या माणसाला पाहण्याची मुभा असते. ही मुभा लहान नाही. परवाना नसलेल्या माणसाला अख्खी इमारत, खोल्यांची मापं, दारं-खिडक्यांच्या याद्या, भिंतीच्या पोटातले थर हे सगळं उघडं करून देणारी ही सोय मला मनापासून आवडते.

तिची घडण मात्र नीट समजून घ्यायला हवी. नावावरून वाटतं की इथे काहीच हलवता येणार नाही. प्रत्यक्षात जवळजवळ सगळं हलतं. भिंत सरकवा, सरकते. खिडकी मोठी करा, होते. यादीतलं मापही लगेच बदलतं. अडतं ते नंतर. 'सेव्ह' होत नाही, दुसऱ्या नावानेही होत नाही. डीडब्ल्यूजीसारख्या, पुढे बदल करता येतील अशा स्वरूपात मॉडेल बाहेर काढता येत नाही. एखादा बदल केल्यानंतर छापायला गेलात तर छपाईही बंद होते. फाईल मिटली की भिंत मूळ जागी परत.

हे मी एकदा पूर्ण दिवस घालवून शिकलो. एका निवासी इमारतीचा जिना तपासायचा होता. जिन्याच्या मधल्या टप्प्याखालून जाण्याची वाट होती आणि राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे तिथे किमान 2.2 मीटर उंची मोकळी हवी. टप्प्याचा बीम खाली आल्यामुळे ती भरत नव्हती. मी एकेका मजल्यावर जाऊन मापं टाकली, शेजारी मजकूर लिहिला, एका ठिकाणी बीमची खोली कमी करून काय होतं तेही पाहिलं. संध्याकाळी 'सेव्ह'कडे गेलो तेव्हा ते बटण निर्जीव होतं. छापून तरी घेऊ म्हटलं, तर तेही नाही, कारण मी फाईलला हात लावलेला. शेवटी मोबाईलवर पडद्याचे फोटो काढत बसलो. त्यात सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. आपण कोणत्या दारातून आत आलो आहोत हे मी पाहिलं नव्हतं.

कागदाच्या काळात हा प्रश्न नव्हता. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेला मूळ नकाशा ऑफिसात राहायचा. साइटवर यायची ती अमोनिया प्रिंट, उग्र वास असलेली, निळ्या-जांभळ्या रेघांची. मूळ नकाशात बदल करण्याचा हक्क साइटवरच्या माणसाला तेव्हाही नव्हता. पण त्याच्या खिशात लाल पेन्सिल होती. 'इथे कॉलम रस्त्यात येतो' असं तो प्रिंटवरच लिहायचा, गोल करायचा, सही-तारीख घालायचा, आणि तो मळका कागद ऑफिसात परत जायचा. मूळ सुरक्षित आणि शेरा जिवंत, या दोन्ही गोष्टी एका कागदाने साधल्या होत्या. व्ह्यूअरने मूळ सुरक्षित ठेवलं आणि लाल पेन्सिल काढून घेतली.

सोलापूरकराला हे जेकार्ड मागावरून चटकन कळेल. चादरीची नक्षी आधी चौकड्यांच्या कागदावर उतरते, मग पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडली जातात. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. पट्टीत चूक असेल तर मागावर बसलेल्या विणकराला ती दुरुस्त करता येत नाही. पट्टी नव्याने पाडावी लागते. पण चुकलेली चादर त्याच्या हातात असते. ती तो डिझाइनवाल्यासमोर पसरून बोट ठेवू शकतो. व्ह्यूअरमध्ये काम करणाऱ्याकडे पसरून दाखवायला काही उरत नाही. त्याने भिंत सरकवली होती, हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसतं.

रेव्हिटचा जन्म बदल सोपा व्हावा म्हणूनच झाला. 1997 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये लिओनिड राइझ आणि अर्विन युंगराइस यांनी चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. यंत्रांचे भाग आरेखित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक माप बदललं की संबंधित सगळी मापं बदलायची. इमारतीला हेच का नको, हा त्यांचा प्रश्न होता. पहिली आवृत्ती एप्रिल 2000 मध्ये आली. 'रिव्हाइज' आणि 'इन्स्टंटली' या दोन शब्दांवरून 'रेव्हिट' नाव पडलं असं सांगतात. 2002 मध्ये ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने ही कंपनी 13 कोटी 30 लाख डॉलरना विकत घेतली. ऑटोकॅडमध्ये भिंत म्हणजे दोन रेघा. रेव्हिटमध्ये भिंत म्हणजे भिंतच: तिला जाडी, उंची, विटा, प्लास्टर. प्लॅनमध्ये ती हलवली की एलेव्हेशन, सेक्शन आणि यादी आपोआप बदलते.

हा गुण किती मोलाचा आहे ते कुंभारीच्या रे नगरकडे पाहिलं की कळतं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार अशा असंघटितांसाठी 30,000 घरांची ही वसाहत. जानेवारी 2019 मध्ये पायाभरणी आणि 19 जानेवारी 2024 रोजी 15,000 घरांचा ताबा. तिथे कोणतं सॉफ्टवेअर वापरलं हा माझा मुद्दा नाही. पण एकच घर इतक्या वेळा बांधायचं असताना न्हाणीघराच्या दाराची एक चूक किती चौकटींत उतरेल याचा हिशेब करून पाहा. ती चूक पहिल्यांदा जिला दिसेल ती नजर बहुधा साइटवरची असेल. तिने पाहिलेलं मूळ फाईलपर्यंत पोहोचण्याची वाट हवी.

आता पाहण्याच्याच मर्यादा. मॉडेलमध्ये दिसतं ते सगळं नसतं, आणि नसलेलं नेहमी नसतंच असंही नाही. आर्किटेक्टच्या फाईलला आरसीसी कन्सल्टंटची फाईल जोडलेली असते. पेनड्राइव्हवर पहिली आली आणि दुसरी राहिली, तर इमारत कॉलमशिवाय उभी दिसते. कोणी एखादा थर झाकून ठेवला असेल, प्लंबिंगचे पाइप त्या दृश्यापुरते लपवले असतील, तर ते दिसत नाहीत. फाईल नव्या आवृत्तीत केलेली आणि साइटवर जुनी आवृत्ती असेल तर ती उघडतच नाही. उलट असेल तर उघडते, पण दर वेळी नव्याने रूपांतर होत बसतं, कारण रूपांतरित फाईल साठवता येत नाही. शिवाय हे फुकटचं दार हलकं नाही. पूर्ण रेव्हिटच संगणकावर चढवावं लागतं, ते विंडोजवरच चालतं, आणि जुना लॅपटॉप सोलापूरच्या एप्रिलात त्यापुढे हात टेकतो.

सगळ्यांत नाजूक गोष्ट अधिकाराची. मॉडेल आज सकाळचं असेल, पण बांधकाम करायचं ते 'गुड फॉर कन्स्ट्रक्शन' शिक्का मारलेल्या, सही आणि रिव्हिजन नंबर असलेल्या शीटवरून. मॉडेलमध्ये आर्किटेक्टचा अर्धवट विचारही असतो. तो पाहून चौकट बसवली की वाद सुरू होतो, आणि त्या वादात साइटवरचा माणूसच हरतो.

या पद्धतीकडे मी आणखी एका जागेवरून पाहतो. वालचंद इन्स्टिट्यूटसारख्या इथल्या कॉलेजांतून स्थापत्य शिकून बाहेर पडणारी मुलं. विद्यार्थी असताना रेव्हिट फुकट मिळतं, मात्र धंद्याच्या कामासाठी नाही. शिक्षण संपलं की ती सोयही संपते. 2016 पासून ऑटोडेस्कने एकदाच पैसे भरून कायमचा परवाना विकणं बंद केलं. आता वर्षावर्षाचं भाडं. लहान गावात लहान कामं करणाऱ्याला ते पेलत नाही. चोरून उतरवलेली प्रत बाजारात मिळते, आणि ती घेऊ नका असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. व्ह्यूअर सरळमार्गी आहे. त्यातून स्वतःच्या जुन्या मॉडेलमध्ये फिरता येतं, दुसऱ्याची इमारत वाचता येते. दुसऱ्याने कशी रचना केली हे नीट वाचणं हेही शिक्षण आहे. फक्त त्यावर पोट भरत नाही.

साइटवरचा शेरा पोहोचवण्याच्या वाटा आहेत. ब्राउझरमध्ये चालणारा ऑटोडेस्क व्ह्यूअर खुणा आणि शेरे ठेवू देतो. रेव्हिट चढवावंही लागत नाही. आयएफसी या खुल्या स्वरूपात फाईल मागवली तर ती उघडणारी इतर मोफत साधनं आहेत. महामेट्रोने नागपुरात वेळ आणि खर्च जोडलेलं 'फाइव्ह-डी' मॉडेल वापरलं. तिथे अशा व्यवस्थेला माणसं आणि पैसा होता. चार मजली इमारतीच्या स्टोअरमध्ये यातलं काही नसतं.

म्हणून मी सुपरवायझरांना एक क्रम पाठ करायला सांगतो. आधी भिंती हलवून, छेद घेऊन, जे पाहायचं ते पाहून घ्या. मग फाईल मिटा. पुन्हा उघडा आणि कशालाही हात लावू नका. भिंतीला नाही, मापाला नाही. या कोऱ्या अवस्थेत व्ह्यूअर शीट छापू देतो. नवी पेठेतल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात ती ए-3 वर निघते. तो कागद पत्र्याच्या भिंतीला चिकटवायचा आणि शेजारी दोऱ्याने लाल पेन्सिल बांधायची. गेल्या महिन्यात एका साइटवर अशा शीटवर जिन्याच्या टप्प्याभोवती दोन गोल होते, एक मराठी शेरा आणि त्याच्याखाली तेलुगूत काही आकडे. सुपरवायझरने त्याचा फोटो काढून आर्किटेक्टला पाठवला होता. बीमची सुधारलेली शीट, रिव्हिजन नंबर बदलून, तिसऱ्या दिवशी आली.