तंबूत नको, दवाखान्यात विचारा

१९३४ साली मुंबईच्या कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर र. धों. कर्वे यांचे वकील म्हणून उभे राहिले. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात कर्व्यांनी वाचकांच्या हस्तमैथुनासारख्या विषयांवरच्या शंकांना सरळ उत्तरं दिली, एवढाच काय तो गुन्हा. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र त्यांनी १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं.

त्या शंका अजून जिवंत आहेत. रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो म्हणे. मुळात वीर्य रक्त आटवून बनतच नाही. वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा द्रव हाच त्याचा मोठा भाग, शुक्रजंतू त्यात अगदी थोडे; एका वेळी बाहेर पडतं ते दोन ते पाच मिलिलिटर. हस्तमैथुनाने वा स्वप्नावस्थेने ताकद जात नाही. ‘धातू जाते’ म्हणून खंगलेल्या तरुणाचा थकवा खरा असतो, पण तो भीतीतून आणि अपराधीपणातून येतो. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं.

दुसरा गैरसमज जिवावर बेतू शकतो. चाळिशी-पन्नाशीत ताठरता येईनाशी झाली की ‘वय झालं’ म्हणून गप्प बसायचं, नाहीतर रस्त्याकडेच्या तंबूतून पुड्या आणायच्या. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांनी वाहिन्या खराब होऊ लागल्या की त्रास अनेकदा आधी इथे दिसतो. छातीत दुखणं कधी कधी काही वर्षांनी येतं. म्हणजे ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाची साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासायला हवेत. तंबूतला वैद्य यातलं काहीही तपासत नाही. (मर्दानी ताकदीच्या भिंतीवरच्या जाहिरातीत तंबाखू सोडा असं लिहिलेलं कुणी पाहिलंय?) ताठरता न येण्याचं कारण मनाचा ताण किंवा रक्तदाबाची एखादी गोळीही असू शकते. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये. डॉक्टर बदलून देतात.

बायकांच्या वाट्याला तर प्रश्नच येत नाही, सोसणं येतं. थोडा पांढरा स्राव नैसर्गिक असतो, त्याने हाडं झिजत नाहीत. खाज, दुर्गंधी किंवा दह्यासारखा स्राव असेल तर उपचार घ्यावेत. पाळी गेल्यावर कोरडेपणामुळे संबंध दुखरे होतात. त्यावर वंगण आहे, इस्ट्रोजेनचं मलम आहे. एवढं सांगायला स्त्रीरोगतज्ज्ञाला दोन मिनिटं लागतात, पण विचारणार कोण!

हार्ट अटॅकनंतर शरीरसंबंध कायमचे बंद, हेही खरं नाही. प्रकृती स्थिर असेल आणि दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता येत असतील, तर बहुतेकांना डॉक्टर परवानगी देतात. फक्त जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, अजिबात घ्यायची नाही. दोन्हींमुळे रक्तदाब एकदम कोसळतो.