वेगाचा सांभाळ

विदर्भातील शंकरपटात बैलजोडी पळविणाऱ्या शेतकऱ्याला एक हिशेब पक्का ठाऊक असतो. जोडी धावते ती काही क्षण. तिला जोपासावे लागते ते वर्षभर. पाहणाऱ्याला धाव दिसते, वैरण आणि खरारा दिसत नाही. वेगवान मोटारीचा शौकही याच जातीचा आहे. अशी गाडी घेणे हा एका दिवसाचा आनंद होय. ती सांभाळणे हा मात्र अनेक वर्षांचा अभ्यास आहे.

वेगवान गाडी म्हणजे केवळ महागडी गाडी नव्हे. वजनाच्या मानाने जिचे इंजिन अधिक समर्थ, जी वळणावर ठाम राहते आणि हुकमी थांबते, ती खरी वेगवान गाडी. अशा गाड्या परदेशांतूनच येतात असेही नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील स्कोडाच्या कारखान्यातून 2004 साली ऑक्टेव्हिया आरएस ही गाडी बाहेर पडली. तिच्या पेट्रोल इंजिनाला टर्बो जोडलेला होता आणि शक्ती होती दीडशे अश्वांची. पुढे 2015 साली पुण्याजवळच्या रांजणगावहून फियाटची अबार्थ पुंटो आली; ती आकाराने लहान, पण 145 अश्वशक्तीची. आज या दोन्ही गाड्या नव्या मिळत नाहीत, आणि फियाटने तर आपल्या नावाच्या गाड्या भारतात विकणेच थांबविले आहे. तरीही हौशी मंडळींनी त्या जिवापाड जपल्या आहेत.

आता अशी एखादी गाडी रायपूरच्या गुढियारी भागात, रेल्वेरुळांच्या पलीकडे, एखाद्या अंगणात उभी आहे असे समजा. तिला तेथे दोन वैरी आहेत. पहिला उन्हाळा. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ असते, म्हणून इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि त्याची शक्ती घटते. शिवाय इंधन अवेळी पेट घेऊन इंजिन ठोके देऊ लागण्याचा धोका वाढतो. यास्तव पुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेनचेच पेट्रोल भरावे, आणि रेडिएटरमध्ये नुसते नळाचे पाणी न घालता ठरलेले कूलंट ठरलेल्या मुदतीत बदलावे.

दुसरा वैरी धूळ. उरला आणि सिलतरा येथील स्पंज आयर्नचे कारखाने येथून फार दूर नाहीत, आणि काळी भुकटी हे रायपूरकरांचे जुनेच गाऱ्हाणे आहे. गाडीवर बसलेल्या धुळीत लोखंडाचे कण असले, की दमट हवेत ते गंजतात आणि रंगावर तांबूस ठिपके धरतात. कोरड्या फडक्याने पुसावयास जावे तर तेच कण रंगावर ओरखडे काढतात. आधी पाण्याच्या धारेने धूळ वाहू द्यावी, हात मागाहून लावावा. हीच भुकटी एअर फिल्टरमध्ये साचली तर इंजिनाचा श्वास कोंडतो. पुस्तिकेतील मुदत सरासरी हवेसाठी असते. येथे फिल्टर त्याहून लवकर पाहिलेला बरा.

टर्बोविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक लहानसे चक्र फिरते आणि त्याच्या जोरावर अधिक हवा आत कोंबली जाते. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते, आणि त्याचा आस तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. गाडी जोरात हाकून एकदम बंद केली, की तेलाचा प्रवाह थांबतो आणि आत अडकलेले तेल तापून त्याची काजळी होते. म्हणून शेवटचे दोन किलोमीटर सावकाश यावे, किंवा थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवावे. तेल नेमलेल्या प्रतीचे आणि वेळेवर बदललेले असावे, हे निराळे सांगावयास नकोच.

परंतु ज्याच्यावर प्राण अवलंबून असतात तो भाग इंजिन नव्हे, ब्रेक होय. वेग दुप्पट झाला की गतीची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. 1400 किलो वजनाची गाडी ताशी 120 किलोमीटर वेगावरून थांबविताना सुमारे पावणेआठ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. एवढ्या उष्णतेत सव्वादोन लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. आणि ही उष्णता काही सेकंदांत मुख्यतः चार डिस्क आणि त्यांवरचे पॅड यांना गिळावी लागते.

त्यात ब्रेक ऑईलचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-4 प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो. ओलावा मुरल्यावर तो 155 अंशांपर्यंत उतरू शकतो. जगदलपूरहून रायपूरकडे परतताना केशकाळ घाटाची वळणे उतरत आहोत आणि पाय सतत ब्रेकवर आहे, अशी कल्पना करा. जुने तेल उकळते, नळीत वाफ धरते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे पोचवीत नाही. पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. यावर उपाय अगदी साधा: दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलणे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरणे. ज्याने पैसे टर्बोवर घातले आणि ब्रेकवर राखले, त्याचा हिशेब उलटा झाला.

टायरचेही तसेच. त्याच्या कडेवर चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालातील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी उन्हाने रबर म्हातारे होते. हवेचा दाब सकाळी, गाडी थंड असताना तपासावा.

काहींना एवढ्याने समाधान होत नाही. इंजिनाच्या संगणकातील मांडणी बदलून ते शक्ती वाढवितात. शक्ती वाढते खरी. क्लच, गिअर आणि ब्रेक मात्र पूर्वीचेच राहतात. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीत मनमानी फेरबदल करण्यास आडकाठी करते. वेगाची हौस पुरवावयाची तर चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूर आणि ग्रेटर नोएडा येथे त्यासाठीच बांधलेले मार्ग आहेत. गुढियारीच्या रस्त्यावर शाळेची मुले आहेत, सायकली आहेत, हातगाड्या आहेत. त्यांनी आपल्या शर्यतीत नाव नोंदविलेले नाही.

निर्मात्याने बाजार सोडला, की मालकावरची जबाबदारी वाढते. सुटे भाग दूरच्या गावांतून, परस्परांच्या ओळखीतून मिळवावे लागतात. म्हणून एक वही ठेवावी. तीत तेल केव्हा बदलले, पॅड किती झिजले, कोणता आवाज कधीपासून येऊ लागला, याची तारीखवार नोंद करावी. जाणता मिस्त्री अशी वही पाहून अर्धे निदान तेथेच करतो.

शंकरपटातील शेतकरी शर्यत जिंकल्यावर प्रथम बैलांच्या पाठीवरून हात फिरवितो. वेगवान गाडीच्या मालकाची परीक्षाही याच घडीला होते. गाडी किती पळाली हे कोणीही सांगेल. ती थांबली तेव्हा त्याने काय केले, यावरून त्याचा शौक ओळखावा.