सा कधी येणार?

गाण्याचा क्लास लावला तेव्हा रूममेट म्हणाला होता, "आता तू गाणं ऐकणार कसलं, स्वरच मोजत बसणार!" खरं सांगायचं तर झालंही तसंच. कोमल-तीव्र ओळखण्याच्या नादात वर्षभर अंगावर काटा म्हणून आला नाही.

तो परत आणला मारव्याने. मारव्यात पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. गंमत म्हणजे पूरिया आणि सोहनी यांचेही हेच सहा स्वर! तरी पूरिया गंभीर, सोहनी चंचल आणि मारवा जिवाला हुरहूर लावणारा. म्हणजे भावना नुसत्या फ्रिक्वेन्सीत नसते. मग असते कुठे?

मारव्याचा मुक्काम रिषभ-धैवतावर. षड्ज मुद्दाम टाळायचा. सा २४० हर्ट्झ धरला तर कोमल रिषभ साधारण २५६, म्हणजे अगदी शेजारी. तानपुरा सारखा सा दाखवतोय आणि गाणारा दारातच घुटमळतोय. कान म्हणतो, आता येईल सा. येतच नाही!

अपेक्षा लांबली की भावना जागते, हा विचार लेनर्ड मेयर यांनी १९५६ च्या पुस्तकात मांडला. २०११ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं, की आवडतं संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन उत्कर्षाच्या क्षणी तर स्रवतंच, पण त्याआधी वाट पाहतानाही स्रवतं, तेही वेगळ्या भागात.

पण वाट कुणाची पाहायची हे कानाला ठाऊक हवं ना! ते सरावाने कळतं. म्हणजे ज्या स्वर मोजण्याला मी घाबरत होतो, त्यानेच कान तयार होत होता.

त्या संध्याकाळी सर बऱ्याच वेळाने षड्जावर आले आणि सर्रकन काटा आला. शेजारची अकरावीतली मुलगी डोळे पुसत होती. नंतर म्हणाली, "रिझल्टच्या आदल्या रात्रीसारखं वाटलं." मला मात्र दिवेलागणीला एसटीच्या आवाजाकडे कान लावून बसलेली आई दिसली. वाट पाहायला राग लावतो, कुणाची ते ज्याचं त्याने ठरवायचं.

क्लासहून येताना आधी घरी फोन केला. आता रूममेटला एवढंच सांगणं आहे : रविवारी सूर्य मावळताना रूमवर थांब. मारवा लावतो. स्वर मी मोजीन, तू फक्त वाट बघ.