एका मिलिसेकंदाचे अडतीस तास

११ ऑक्टोबर २०२४ रोजी आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका डेटा सेंटरमधून निरोप आला: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या, त्यातून १ वजा करा, उरलेली संख्या बहुधा मूळ आहे. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथल्या यंत्राने वेगळी चाचणी लावून ते पक्के केले. ही संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे. एका पानावर दोन हजार अंक बसवले तरी वीस हजारांहून जास्त पाने लागतील. ल्यूक ड्युरंट या माजी एनव्हीडिया कर्मचाऱ्याने भाड्याच्या ग्राफिक्स कार्डांवर हा शोध लावला. पण ज्या मोहिमेत तो लावला, ती १९९६ पासून सामान्य माणसांच्या घरच्या संगणकांवर चालत आली आहे. तिचे नाव ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च, म्हणजेच ‘गिम्प्स’.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला हे सारे फार लांबचे वाटेल. मला ते तसे वाटत नाही. बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या आवारात, माळेगावला, इंदापूरला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. संगणकांच्या प्रयोगशाळा आहेत आणि संध्याकाळनंतर त्या बहुतेक रिकाम्या असतात. या मोहिमेत आजवर जिंकलेल्यांत अशा प्रयोगशाळाही आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील गणित विभागाने ७५ संगणकांवर हे सॉफ्टवेअर लावले आणि २००८ मध्ये सव्वा कोटीहून अधिक अंकांची पहिली मूळ संख्या त्यांना सापडली. एक कोटी अंकांचा टप्पा ओलांडल्याबद्दल इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे एक लाख डॉलरचे बक्षीस त्या शोधाला मिळाले. त्याआधी दहा लाख अंकांचे बक्षीस १९९९ मध्ये मिशिगनमधल्या प्लिमथ गावच्या नयन हजरतवाला यांच्या संगणकाने मिळवले होते. तो ३५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-२ होता. फावल्या वेळात चालत त्याने १११ दिवसांत काम संपवले. आज तो कोणी भंगारातही घेणार नाही.

म्हणजे इथे नुसती ताकद कामाची नाही. आहे त्या यंत्राकडून नेमके काम कसे करून घ्यायचे, हे कळणे महत्त्वाचे. तेच मला सांगायचे आहे आणि त्यासाठी थोडे गणित अटळ आहे.

सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संख्या २ च्या घातापेक्षा एकाने कमी असतात: ३, ७, ३१, १२७. घातांक स्वतः मूळ असावा लागतो. पण तेवढ्याने भागत नाही. २ चा अकरावा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. त्यामुळे प्रत्येक उमेदवार तपासावा लागतो. तपासणीची रीत फ्रान्सच्या एदुआर लुकासने शोधली आणि अमेरिकेच्या डेरिक लेहमरने १९३० मध्ये आजच्या रूपात आणली. ती आठवीच्या मुलालाही जमेल. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. हेच पुन्हा पुन्हा करत राहा. ३१ साठी पाहू. ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, त्याची ३१ ने बाकी ८. ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनी शून्य आले की संख्या मूळ. घातांक ५ होता, पायऱ्या ३ झाल्या, शून्य आले.

डब्लिनच्या संख्येला अशा पायऱ्या १३ कोटी ६२ लाखांहून जास्त लागतात आणि प्रत्येक पायरीत चार कोटी अंकांच्या संख्येचा वर्ग करावा लागतो. प्रत्येक पायरी आधीच्या उत्तरावर उभी असल्याने काम दहा संगणकांत वाटूनही देता येत नाही. आता एक साधा हिशेब करू. एका पायरीचा वेळ फक्त एका मिलिसेकंदाने, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाने, कमी केला तर एकूण १,३६,२७९ सेकंद वाचतात. ते होतात जवळपास अडतीस तास. ऑफिसच्या किंवा बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मिलिसेकंद कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे खपून काम केले आहे.

त्यातले पहिले नाव जॉर्ज वोल्टमन. गिम्प्सचे संस्थापक तेच आणि ‘प्राइम९५’ हे सॉफ्टवेअरही त्यांचेच. त्याचा गाभा त्यांनी असेम्ब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञांच्या पातळीवर लिहिला. चिपची नवी पिढी आली, एका झटक्यात दोनऐवजी चार, चारऐवजी आठ अपूर्णांकांचे गणित करणाऱ्या आज्ञा आल्या, की गाभा पुन्हा लिहायचा. हे काम ते जवळजवळ तीस वर्षे करत आले आहेत. माझ्या मते संगणकशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव माहीत असायला हवे.

पण असेम्ब्लीच्या आधी गणिताची कमाई आहे. शाळेत शिकवतात तसा गुणाकार केला, तर ही संख्या अठरा-एकोणीस बिटांच्या सुमारे ७५ लाख तुकड्यांत कापावी लागेल आणि प्रत्येक तुकड्याला प्रत्येक तुकड्याने गुणावे लागेल. एका वर्गासाठी सुमारे ५६ लाख कोटी गुणाकार होतात. फास्ट फूरियर ट्रान्सफॉर्म ही १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी प्रसिद्ध केलेली रीत वापरली, की तेच काम शे-दोनशे कोटी क्रियांत आटोपते. तुकड्यांच्या मालिकेचे आधी रूपांतर करायचे, मग प्रत्येक तुकड्याचा फक्त स्वतःशी गुणाकार करायचा आणि शेवटी उलट रूपांतर करून उत्तर मिळवायचे.

मला सगळ्यात देखणी वाटते ती बाकी काढण्याची युक्ती. शाळेत ९ ने भागून बाकी काढायला अंकांची बेरीज करतो, आणि ९९ ने काढायला दोन-दोन अंकांच्या जोड्यांची. द्विमान पद्धतीत मर्सेन संख्येचे अगदी तसेच आहे. १९६ ला ३१ ने भागायचे नाही. १९६ म्हणजे ६ वेळा ३२ आणि वर ४, म्हणून बाकी ६ अधिक ४, म्हणजे १०. भागाकार झालाच नाही. १९९४ मध्ये रिचर्ड क्रँडॉल आणि बॅरी फेगिन यांनी हीच गोष्ट फूरियर रूपांतराच्या पोटात घातली. प्रत्येक तुकड्याला आधी विशिष्ट अपरिमेय वजन द्यायचे, म्हणजे उत्तर आपोआप बाकीच्या रूपातच बाहेर येते. शिवाय रूपांतराची लांबी निम्मी होते, कारण वर्ग दुप्पट लांब होईल म्हणून जोडावी लागणारी शून्ये लागत नाहीत. ही युक्ती नसती तर घरच्या संगणकाला हे काम फार जड गेले असते.

आता यंत्राकडे वळू. ७५ लाख तुकडे, प्रत्येक आठ बाइटचा. म्हणजे सुमारे ६० एमबी. साध्या प्रोसेसरच्या पोटातल्या कॅशमध्ये एवढे मावत नाही, रॅममध्ये ये-जा करावी लागते. एका पायरीत ही सारी माहिती किमान दोनदा वाचली आणि दोनदा लिहिली जाते. एकूण २४० एमबी. डीडीआर४-२४०० ची एकच रॅमपट्टी असेल तर ती सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी देते. म्हणजे पायरीला साडेबारा मिलिसेकंद लागणारच, प्रोसेसर कितीही महागाचा असो. एवढ्यावरच चाचणीचे वीस दिवस ठरले. तेवढीच रॅम दोन पट्ट्यांत विभागून योग्य खाचांत बसवली की वाट दुप्पट रुंद होते आणि वीसाचे दहा दिवस होऊ शकतात. नीरा डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको: चारीला पाणी बेताचे असेल, तर मोटर पाचची काढून दहा एचपीची बसवल्याने ऊस जास्त भिजत नाही.

इथूनच नवख्यांच्या समजुतीला धक्का बसतो. चार गाभ्यांचा (कोरचा) प्रोसेसर आहे म्हणून चार वेगवेगळ्या संख्या एकाच वेळी तपासायला घेतल्या, तर चारही जणी रॅमच्या त्याच वाटेवर भांडतात. बहुतेक वेळा चारही गाभे एकाच संख्येवर, एकेक पायरी मिळून करत, लावणे फायद्याचे ठरते. एका गाभ्याला एकाच वेळी दोन कामे देणाऱ्या हायपरथ्रेडिंगचा इथे फारसा उपयोग नाही, कारण एका गाभ्याची गणिती यंत्रणा हे सॉफ्टवेअर एकट्यानेच जवळजवळ पूर्ण वापरते. प्राइम९५ मध्येच वेगाची मोजणी करण्याची सोय आहे. वेगवेगळ्या मांडण्या चालवून बघाव्यात आणि आपल्या यंत्राला जी मानवते ती ठेवावी. दुसऱ्याच्या यंत्राचे आकडे आपल्याला लागू पडतीलच असे नाही.

वेग वाढवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे काम टाळणे. मर्सेन संख्येला मूळ विभाजक असेलच, तर तो घातांकाच्या दुपटीच्या कोणत्या तरी पटीत एक मिळवून येणाराच असतो. अकरासाठी २२ अधिक १ म्हणजे २३, आणि ८८ अधिक १ म्हणजे ८९. त्यामुळे छोट्या विभाजकांचा शोध फार झटपट होतो. या कामात ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरला सहज मागे टाकते. त्यापुढे १९७४ ची जॉन पोलार्ड यांची पद्धत लावतात. तिला रॅम भरपूर दिली तर यश जास्त. विभाजक सापडला की आठवड्यांची चाचणी वाचली.

आता उन्हाचा प्रश्न. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो आणि संगणक रात्रंदिवस पूर्ण भाराने चालणार. कोट्यवधी पायऱ्यांत एकदा जरी एक बिट उलटला तरी पुढचे सारे फुकट. पूर्वी यावर एकच उपाय होता: प्रत्येक संख्या दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर पुन्हा पूर्ण तपासायची. म्हणजे साऱ्या मोहिमेचे निम्मे बळ पडताळणीत जायचे. २०१७ मध्ये रॉबर्ट गेर्बिच यांनी एक तोड काढली. लुकासच्या चाचणीऐवजी ३ पासून सुरू करून नुसते वर्ग करत जाणारी चाचणी घ्यायची. दर हजार पायऱ्यांनी आलेली उत्तरे एकमेकांत गुणून बाजूला ठेवायची, आणि तोच गुणाकार अधूनमधून दुसऱ्या वाटेने काढून बघायचा. दोन्ही जुळले तर पुढे, नाही तर शेवटच्या बिनचूक टप्प्यावर मागे. याचा खर्च एक टक्काही नाही. हा शोध मला कोणत्याही वेगवान चिपपेक्षा मोठा वाटतो. २०२० पासून चाचणीबरोबर एक छोटा पुरावाही पाठवता येतो. क्रिस्तॉफ पिएत्र्झाक यांच्या कल्पनेवर आधारलेला हा पुरावा दुसऱ्या संगणकाला फारच थोड्या वेळात तपासता येतो. दुहेरी तपासणीची गरज जवळपास संपली आणि मोहिमेचे बळ एका सॉफ्टवेअर-सुधारणेने दुपटीकडे गेले.

चुका शोधण्याच्या या कडक शिस्तीचा जगाला फायदाही झाला आहे. १९९४ मध्ये मूळ संख्यांच्या जोड्यांवर काम करणाऱ्या थॉमस नाइसली या व्हर्जिनियातील प्राध्यापकांना पेंटियम चिपच्या भागाकारात दोष सापडला. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरची झळ बसली. २०१६ च्या सुरुवातीला इंटेलच्याच स्कायलेक पिढीतला एक दोष प्राइम९५ चालवताना उघड झाला आणि कंपनीला दुरुस्ती द्यावी लागली. नवा संगणक जुळवल्यावर तो भार सोसतो का, हे पाहायला आजही दुकानदार प्राइम९५ चालवतात. मूळ संख्यांशी त्यांचा काही संबंध नसतो.

आपल्याकडे सुरुवात करायची तर काही व्यवहार पाळावे लागतील. परवानगी पहिली. १९९८ मध्ये अमेरिकेतील एका टेलिफोन कंपनीच्या अडीच हजारांवर संगणकांवर एका कंत्राटी तंत्रज्ञाने न विचारता हे सॉफ्टवेअर लावले आणि प्रकरण एफबीआयपर्यंत गेले. प्राचार्यांची लेखी संमती हवीच. दुसरे विजेचे. शंभर वॅट जास्त खाणारा एक संगणक दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२ युनिट घेतो. घरगुती दराचा टप्पा शंभर युनिटनंतर बदलतो, म्हणून घरी चालवणाऱ्याने महावितरणचे बिल समोर ठेवून ठरवावे. वेग रॅमवर अडलेला असतो, त्यामुळे चिपची वीजमर्यादा बायोसमधून कमी केली तरी वेग थोडाच घटतो; उष्णता आणि बिल मात्र चांगलेच उतरते. प्रत्येक यंत्रावर ही एक गोष्ट तरी करावीच. वीज जाण्याची धास्ती बाळगू नये. प्राइम९५ दर अर्ध्या तासाने आपली जागा डिस्कवर लिहून ठेवते, आणि हा अवधी कमीही करता येतो.

निकालाकडे माणसाने लक्ष ठेवावे, हेही महत्त्वाचे. सेंट्रल मिसुरी विद्यापीठाचे कर्टिस कूपर यांच्या संगणकाला सप्टेंबर २०१५ मध्ये दोन कोटी तेवीस लाख अंकांची विक्रमी मूळ संख्या सापडली होती. पण सूचनेचा ईमेल निघालाच नाही आणि शोध जानेवारी २०१६ पर्यंत कोणाला कळला नाही.

आपल्याच राज्यात देवळालीच्या शाळेत शिकवत द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचे गुपित उलगडले. त्यांच्याजवळ कागद-पेन्सिल होती आणि संख्यांचा अथांग लोभ होता. तो लोभ आपल्या विद्यार्थ्यांत आजही आहे, हे मी पाहतो. त्यांनी विक्रमाच्या मागे न लागता लहान कामापासून आरंभ करावा. जुन्या प्रयोगशाळेतल्या एकाच रॅमपट्टीच्या संगणकाला विक्रमी घातांकाची पूर्ण चाचणी देऊ नये. त्याला विभाजक शोधायला द्यावे, किंवा इतरांनी पाठवलेले पुरावे तपासायला द्यावेत. ही कामे आटोपशीर असतात, आणि पुरावा तपासल्यावाचून त्यासह आलेली चाचणी ग्राह्य धरली जात नाही. दिवाळीनंतर हवा गार होते, पंख्यांचा आवाज उतरतो, चिपचे तापमान आपोआप खाली येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने इंदापूरच्या प्रयोगशाळेला त्यासाठी अगदी योग्य आहेत.