जोडबंगला की स्वतंत्र बंगला? येरवड्यातलं जुनं घर दुरुस्त करून विकताना

आज आपण एकाच प्रश्नावर बोलू. येरवड्यात जुनं घर घ्यायचं, नीटनेटकं करायचं आणि विकायचं ठरवलं, तर एका भिंतीने शेजाऱ्याला जोडलेला बंगला घ्यावा की चारही बाजूंनी मोकळा? यात अनेकांची आयुष्यभराची बचत अडकते, म्हणून आधी हिशेब बघू.

समजा, घर १ कोटीचं आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ७ लाख. महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत. नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३० हजार. करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा कमी असेल, तर मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या किमतीवर लागतं. म्हणजे भिंतीला हात लावण्याआधीच ७ लाख ३० हजार गेले. शिवाय २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा अल्पकालीन धरला जातो आणि आपल्या इतर उत्पन्नात मिळवून त्यावर कर बसतो. हे दोन्ही प्रकारांत सारखंच.

मग फरक कुठे? पुढचं गिऱ्हाईक नेमकं काय विकत घेतंय, यात.

स्वतंत्र बंगल्याचं गिऱ्हाईक बरेचदा जमीन मोजतं. बंगला पाडून तिथे इमारत उभी करायचा त्याचा विचार असेल, तर आपण बसवलेल्या नव्या फरश्या आणि मॉड्युलर किचनची किंमत त्याच्या लेखी शून्य. अशा प्लॉटवर दुरुस्तीचा खर्च भरून निघत नाही. पण जमिनीचा भाव धरतानाही सावध राहायला हवं. इथे लोहगावचा विमानतळ जवळ आहे, मध्यवर्ती कारागृह आहे. त्यामुळे उंचीवर आणि बांधकामावर निर्बंध येऊ शकतात. किती मजले चढतील हे २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार आर्किटेक्टकडून आधी तपासून घ्यायचं.

जोडबंगल्याचं उलट आहे. अर्धा भाग पाडून नवीन बांधणं अवघड, म्हणून घेणारा बहुधा राहायलाच येतो. त्याला कोरडी भिंत, चांगलं बाथरूम, उजेड हवा असतो. दुरुस्तीचा पैसा इथे दिसतो. पण सामाईक भिंत आपल्या एकट्याची नाही. जुन्या बांधकामात दोन्हीकडचे स्लॅब तिच्यावर टेकलेले असतात. ती फोडून पाइप गाडायचे नाहीत. गच्चीच्या जोडावरून पाणी मुरत असेल, तर फक्त आपल्या बाजूने वॉटरप्रूफिंग करून गळती थांबत नाही. शेजाऱ्यांची लेखी संमती आणि खर्चाची वाटणी व्यवहाराआधीच ठरवावी. शेजारी तयार नसतील, तर ते घर सोडून द्यावं.

कागदपत्रं दोन्हीकडे बघायची: मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, मिळकत कराची थकबाकी. जोडबंगल्यात आपल्या अर्ध्या भागाची जमीन वेगळी मोजलेली आहे का, हेही. जमीन भाडेपट्ट्याची असेल, तर हस्तांतराला परवानगी आणि शुल्क लागू शकतं.

थोडक्यात सांगायचं तर, दुरुस्तीतून कमवायचं असेल आणि शेजारी सोबत असतील, तर जोडबंगला बरा. स्वतंत्र बंगला घेताना मात्र आपण घराचे पैसे देतोय की जमिनीचे, हे आधी स्वतःला विचारा. जमिनीचे असतील, तर दुरुस्ती रंग आणि गळतीपुरतीच ठेवा.