सोऱ्या एक, चकत्या अनेक

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. काही वर्षांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील बाधित गावांत फिरून मी माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या. काही लातुरात टाइप झाल्या, काही नांदेडात. आज त्या फायली उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा दिसतो. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. सांगणारे अनेकजण आता हयात नाहीत.

असे का होते? युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र जागा आहे. पण त्या काळचे डीटीपी फाँट इंग्रजी अक्षरांच्याच घरांत देवनागरी आकार बसवत. कोणत्या घरात कोणता आकार, हे फाँटागणिक वेगळे. क्रमही निराळा. अशा फाँटात ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी येते, मग ‘क’. युनिकोडमध्ये आधी ‘क’. ‘र्क’ मध्ये रफार मागून येतो. युनिकोडमध्ये ‘र्’ आधी.

पायथन भाषा शिकून मी रूपांतराचा प्रोग्राम लिहिला. सगळे फाँट एकाच फाइलीत कोंबले. नांदेडच्या फाँटाचा रफार दुरुस्त केला आणि लातूरच्या मजकुरातला बिघडला. ते महिनाभर माझ्या लक्षातही आले नाही.

उपाय दिवाळीच्या फराळात होता. सोऱ्या एकच असतो. चकती बदलली की शेव, चकली, गाठी. अट एवढीच, की चकती खाचेत नीट बसली पाहिजे. प्रोग्रामिंगमध्ये या चकतीला प्लगइन म्हणतात.

मी ‘चकत्या’ नावाचा फोल्डर केला. प्रत्येक फाँटासाठी त्यात एक फाइल, आणि प्रत्येक फाइलीत ‘रूपांतर’ नावाचे एक फंक्शन. हीच आपली खाच. (पायथन ३ मध्ये, म्हणजे २००८ पासून, अशी नावे देवनागरीत देता येतात.) मुख्य प्रोग्राम फोल्डरातील फायलींची नावे वाचतो, भाषेसोबतच मिळणाऱ्या इम्पोर्टलिबकडून एकेक फाइल आत घेतो, तिच्यात ‘रूपांतर’ आहे का ते पाहतो आणि असल्यास यादीत नोंदवतो. एखादी फाइल सदोष निघाली तर तिचे नाव दाखवून पुढे जातो. एवढ्याला दहा-पंधरा ओळी पुरतात. वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. नवा फाँट आला की नवी फाइल टाकायची. जुन्या फायलींना हात लावायचा नाही.

एक धोका मात्र ओळखून असावे. फाइल आत घेणे म्हणजे ती चालवणे. अनोळखी माणसाची चकती तुमच्या फायली पुसूही शकते. म्हणून अक्षरांचे कोष्टक मी साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतो आणि फाँटाचे खास नियम तेवढे कोडमध्ये लिहितो. ते कोड वाचल्याशिवाय चालवत नाही.

या रचनेचा खरा लाभ माणसांचा आहे. कोणत्या फाँटात कोणते जोडाक्षर कुठे, हे जुन्या डीटीपी ऑपरेटरांना तोंडपाठ असते. लातूरच्या माणसाने लातूरचे कोष्टक भरावे, नांदेडच्याने नांदेडचे. एकाच्या चुकीने दुसऱ्याचे काम बिघडत नाही.

वाचकहो, तुमच्याकडे अशा जुन्या फायली असतील तर निरुपयोगी समजून पुसू नका. सोबत तो फाँट आणि त्या मजकुराचे एखादे छापील पान जपून ठेवा. त्या दोहोंवरून चकती पाडता येते.